रुमालाखालचा सौदा

मागच्या दिवाळीला अमरावतीच्या प्रदर्शनात आमच्या गटांचा स्टॉल होता. पापड, मुंगवड्या, हळद, तिखट. पुढच्या वेळी माल आला की कळवू, म्हणून घेणाऱ्या बायांची नावं आणि नंबर आम्ही वहीत उतरवून घेतले. मग त्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे फिरला, कोणास ठाऊक. महिनाभराने अकोल्याहून एका ताईंचा फोन आला. कर्ज देणाऱ्यांचे रोज फोन येतात आणि ते प्रदर्शनाचं नाव सांगतात, म्हणाल्या. "नंबर मी पापडासाठी दिला होता, बाई."

आम्हाला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून आम्ही 'संमती' या शब्दाचा माग काढतो आहोत. त्याचा एक धागा आपल्या वऱ्हाडच्या कापूस बाजारात सापडतो.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात अकोला, बडनेऱ्यावरून जाणारी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. अमरावती, खामगाव, कारंजा इथे कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. तेव्हाच्या बाजारांत सौद्याची एक जुनी रीत होती, तिला 'हत्ता पद्धत' म्हणत. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा ठरवायचे. मालाचा मालक शेजारीच उभा असायचा. त्याला रुमाल हलताना दिसायचा, आकडा दिसत नसे. दलाल सांगेल तो भाव. त्यातूनही अडत, हमाली, मापाई, धर्मादाय कापून उरेल ते त्याचं. तो 'नको' म्हणत नव्हता हे खरं. पण कशाला 'हो' म्हणतो आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याची संमती धरायची कशी?

१८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार सरकारी नियमाखाली आला. देशातला असा तो पहिला बाजार मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. दलालांना, मापाड्यांना परवाना लागू लागला, बाजारावर समिती बसली. शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा विलायतेतल्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा, ही ओढ त्यामागे जास्त होती असं आम्हाला वाटतं. समितीत भरणाही व्यापाऱ्यांचाच. उघड लिलाव हा सगळीकडचा नियम व्हायला पुढे कितीतरी दशकं गेली.

आता हाच रुमाल मोबाइलमध्ये कसा आला ते ऐका. एखादी वेबसाइट उघडली की खाली पट्टी येते, 'आम्ही कुकीज वापरतो, अ‍ॅक्सेप्ट करा'. आमच्या बैठकीत हे वाचल्यावर एक आजी म्हणाल्या, "बिस्किटं देतात का?" बिस्किटाचा संबंध नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत नेटस्केप नावाच्या कंपनीत लू माँटुली या तरुण इंजिनिअरने ही युक्ती काढली. तेव्हा वेबसाइटला गिऱ्हाईक आठवत नसे. पान बदललं की आपण नवखे. मग दुकानाची टोपली भरायची कशी? म्हणून त्याने एक छोटी चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच संगणकात ठेवून दिली. पुढच्या वेळी दुकान ती चिठ्ठी वाचतं आणि ओळखतं.

यात वावगं काही नव्हतं. आपल्या किराणावाल्यालाही कोणाला कोणती डाळ लागते ते पाठ असतंच. पण लवकरच जाहिरातवाल्यांनी दुसऱ्यांच्या दुकानांत आपल्या चिठ्ठ्या घालायला सुरुवात केली. म्हणजे किराण्याच्या दुकानात बसलेला एक तिसराच माणूस औषधाच्या दुकानापर्यंत तुमच्या मागे यावा आणि काय काय घेतलं ते लिहून ठेवावं, तसं. लोकांना याचा पत्ताच नव्हता. १९९६ मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने लिहिलं, तेव्हा बोभाटा झाला. युरोपने २००२ मध्ये 'लोकांना सांगा' असा नियम केला, २००९ मध्ये 'आधी विचारा' असा. २०१८ पासून तिथला कायदा आणखी कडक झाला. तरी एका कंपनीने 'हो'च्या चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवली होती. ती संमती नव्हे, असं युरोपच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला ठरवलं. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या बायांनी कोऱ्या कागदावर दिलेले अंगठे आम्हाला यावरून आठवले.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खटला कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखला जातो. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. मोठ्या जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माहिती कशासाठी घेता ते आधी सांगायचं, माणसाला ते मराठीत वाचायची सोय हवी, आणि 'हो' म्हणणं जितकं सोपं तितकंच 'आता नको' म्हणणंही. कागदावरच्या वहीला हा कायदा लागत नाही. फोटो काढून मोबाइलमध्ये घेतला की लागतो. आमचं नेमकं तिथेच चुकलं होतं.

गटाची वेबसाइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली होती. 'गोपनीयता' या पानावर त्याने कुठल्यातरी कंपनीचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला होता. वाचून पाहिलं तर वाद झाल्यास कॅलिफोर्नियाचा कायदा लागेल, असं लिहिलेलं! मुंगवड्यांच्या भांडणासाठी कॅलिफोर्नियाला कोण जाणार? साइट कोणत्या चिठ्ठ्या ठेवते तेही त्याला विचारलं. एक टोपलीची होती, दुसरी फेसबुकच्या जाहिरातीची. आम्ही जाहिरात देतच नाही, ती काढायला लावली. जुना मजकूर पुसून तिथे आम्ही लिहिलं: "नाव, पत्ता, नंबर फक्त माल पोचवायला घेतो. दुसऱ्या कोणाला देत नाही. काढून टाका म्हणालात तर काढतो."

मग त्या अकोल्याच्या ताईंना फोन लावला. ग्रुपवरचा फोटो काढला, पण बाहेर गेलेला परत आणता येत नाही, हे सांगितलं. तुमचा नंबर ठेवू का, विचारलं. त्या म्हणाल्या, नका ठेवू. आम्ही वहीतल्या ओळीवर काट मारली. फोन ठेवता ठेवता त्यांनी दोन किलो मुंगवड्या सांगितल्या. पत्ता मात्र दिला नाही, न्यायला भाच्याला पाठवते म्हणाल्या.