कुंपणाचे नियम (अर्धापूर)

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर नगरपंचायतीच्या हद्दीत कुंपणभिंतीला राज्याची २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू होते. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून भिंत १.५ मीटरपर्यंत उंच चालते, वरचे ०.९ मीटर जाळीचे किंवा गजांचे ठेवल्यास २.४ मीटरपर्यंत मुभा मिळू शकते. कोपऱ्याच्या प्लॉटवर वळणालगतच्या १० मीटरांत पक्की भिंत ०.७५ मीटरच, वर हवी तर रेलिंग. वळणारे वाहन दिसावे, एवढाच त्यामागचा हेतू.

खरी भांडणे मात्र शिवारात, केळीच्या बागांत धुऱ्यावरून होतात. तिथे उंचीपेक्षा जागा महत्त्वाची. हद्दीच्या खुणा जपणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार जमीनधारकाचे काम आहे. खूण हरवली की भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरावी; मोजणीआधी खांब रोवणे म्हणजे वाद ओढवून घेणे. शेजाऱ्याला बांधावरून वाट देण्याचा अधिकार कलम १४३ नुसार तहसीलदाराला असतो. वहिवाटीची वाट तारेने अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. रानडुकरांसाठी तारेत थेट घरगुती वीज सोडणे हा गुन्हा आहे.