लघु सागरी मत्स्यालयातील माशांची निवड

लघु सागरी मत्स्यालयातील माशांची निवड ही घरगुती मत्स्यपालनातील एक महत्त्वाची पायरी होय. सुमारे ४० ते १२० लिटर खारे पाणी मावणाऱ्या टाकीस सर्वसाधारणपणे लघु सागरी मत्स्यालय म्हणतात. अशा टाकीत माशाचा रंग किंवा किंमत यांपेक्षा त्याची पूर्ण वाढीनंतरची लांबी, स्वभाव, आहार आणि टाकीत सोडण्याची वेळ हे घटक अधिक निर्णायक ठरतात.

लहान टाकीच्या मर्यादा

सागरी मत्स्यालयात पाण्याचे तापमान साधारणतः २४ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२० ते १.०२६ आणि सामू ८.१ ते ८.४ या दरम्यान राखतात. पाण्याचा साठा जितका लहान, तितके हे घटक लवकर बदलतात. बाष्पीभवनात केवळ पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. म्हणून ही घट खाऱ्या नव्हे, तर क्लोरीनविरहित गोड्या पाण्याने भरून काढतात. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो आणि पाणी तापले की तो आणखी घटतो. त्यामुळे तेवढ्याच गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा येथे कमी मासे ठेवावे लागतात.

नायट्रोजन चक्र

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेशा संख्येने नसतात. त्यांची वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. पाण्याचा सामू जितका अधिक, तितका अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात असतो. यामुळे उदासीन गोड्या पाण्याच्या तुलनेत समुद्राच्या पाण्यात अमोनिया अधिक मारक ठरतो. पाणी निर्मळ दिसणे म्हणजे टाकी तयार होणे नव्हे. चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्यानंतरच पहिला मासा सोडतात. पूर्वी चक्र सुरू करण्यासाठी काटक अशा डॅमसेल माशांचा उपयोग केला जाई. त्यात माशांचे हाल होत. शिवाय जगलेले डॅमसेल नंतर आलेल्या माशांवर हल्ले करत. आता त्याऐवजी थोडे खाद्य किंवा अमोनियाचे द्रावण वापरतात.

योग्य जाती

- विदूषक मासा (अँफिप्रिऑन ऑसेलॅरिस): सुमारे ७५ लिटरच्या टाकीत याची एक जोडी राहू शकते. या जातीचे सर्व मासे प्रथम नर असतात. जोडीतील मोठ्या व वरचढ माशाचे मादीत रूपांतर होते. निसर्गात तो समुद्रपुष्पाच्या आश्रयाने राहतो, मात्र मत्स्यालयात त्याला समुद्रपुष्पाची गरज नसते.
- पिवळा गोबी (क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस): लांबी सुमारे १० सेंटिमीटर. तो पिस्तूल कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतो. क्षीण दृष्टीची कोळंबी बीळ खणते आणि गोबी पहारा देतो.
- रॉयल ग्रामा (ग्रामा लोरेटो): कॅरिबियन समुद्रातील जांभळा-पिवळा मासा. तो खडकातील कपारीत राहतो. लहान टाकीत एकच ठेवतात.
- फायरफिश (नेमाटिलिओट्रिस मॅग्निफिका): शांत परंतु भित्रा. घाबरल्यास तो पाण्याबाहेर उडी मारतो. म्हणून टाकीवर जाळीचे झाकण आवश्यक असते.

अयोग्य जाती

'फाइंडिंग निमो' (२००३) या चित्रपटामुळे परिचित झालेला निळा टँग सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो व त्याला पोहण्यास मोठी जागा लागते. मँडरिन मासा आकाराने लहान असला, तरी तो प्रामुख्याने खडकांवरील सूक्ष्म कवचधारी जीव खातो. नव्या टाकीत हे खाद्य पुरेसे नसल्याने तो हळूहळू उपासमारीने मरतो. लायनफिश विषारी काट्यांचा असून लहान मासे गिळतो.

सोडण्याचा क्रम

नवीन मासा प्रथम वेगळ्या टाकीत सुमारे ४ आठवडे निरीक्षणाखाली ठेवतात. त्यामुळे पांढरे ठिपके पाडणाऱ्या क्रिप्टोकॅरिऑनसारख्या परजीवींचा प्रसार टळतो. सर्वांत शांत मासा आधी आणि हद्द राखणारा मासा शेवटी सोडतात. दोन माशांच्या मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवल्यास वाढत्या अमोनियाच्या प्रमाणात जिवाणूंची संख्याही वाढू शकते.

उगम व संवर्धन

गोड्या पाण्यातील बहुतेक शोभिवंत मासे पैदास केंद्रांतून येतात. याउलट सागरी जातींपैकी बहुतांश अजूनही समुद्रातून पकडल्या जातात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून त्यासाठी सायनाइडचा वापर झाला आणि त्यामुळे प्रवाळांचीही हानी झाली. पैदास केंद्रातील मासे टाकीतील जीवनास व तयार खाद्यास सरावलेले असतात. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केले आहे.

प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने किनाऱ्यावरून ते गोळा करणे बेकायदेशीर आहे. नकोसा झालेला मासा समुद्रात सोडणेही घातक ठरते. मूळचा हिंद-प्रशांत क्षेत्रातील लायनफिश आज पश्चिम अटलांटिकमध्ये उपद्रवी जात बनला असून, मत्स्यालयांतून सोडलेले मासे हे त्याचे संभाव्य मूळ मानले जाते.

हे सुद्धा पहा

- मत्स्यालय
- नायट्रोजन चक्र
- प्रवाळ
- तारापोरवाला मत्स्यालय