पुरातत्त्वीय संशोधनासाठी मुक्त नकाशे व उंचीविषयक विदा

पुरातत्त्वीय संशोधनासाठी मुक्त नकाशे व उंचीविषयक विदा म्हणजे प्राचीन स्थळांचा शोध, नोंदणी आणि अभ्यास यांसाठी विनामूल्य उपलब्ध असलेले स्थलनिर्देशक नकाशे, अंकीय उंची प्रतिमाने व उपग्रह प्रतिमा होत. या साधनांमुळे मोठा निधी नसलेल्या विद्यार्थ्यांना व अभ्यासकांना एखाद्या परिसराची भूरचना, जलप्रवाह आणि जुना भूमिवापर प्रत्यक्ष भेटीपूर्वी अभ्यासता येतो. मात्र अशी विदा कोठे शोध घ्यावा हे सुचवते. तेथे काय आहे हे क्षेत्रभेटीनेच निश्चित होते. प्रस्तुत लेखात वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील, नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरील वडनेर व त्याच्या भोवतालचा प्रदेश उदाहरणादाखल घेतला आहे.

पार्श्वभूमी

विदर्भ हा महापाषाण संस्कृतीच्या शिळावर्तुळांसाठी प्रसिद्ध आहे. नागपूरजवळील जुनापाणी येथील शिळावर्तुळांविषयी जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये लेखन केले. माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा आणि वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा ही या संस्कृतीची इतर महत्त्वाची स्थळे आहेत. धाम नदीकाठच्या पवनार येथे नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये उत्खनन केले.

या प्रदेशाचा प्राचीन भूगोल ताम्रपटांतूनही समजतो. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या जांब ताम्रपटात दान दिलेल्या कोथुरक या गावाच्या सीमा सांगताना उमा नदी व मंडुकीग्राम यांचा उल्लेख येतो. वा. वि. मिराशी यांनी उमा म्हणजे आजची वणा नदी आणि मंडुकीग्राम म्हणजे तिच्या काठचे मांडगाव असे स्थाननिश्चय केले. असे निष्कर्ष तपासण्यासाठी लहान गावे, ओढे व शिवारे दाखवणारे नकाशे आवश्यक असतात. एकेकाळी ते मोठ्या ग्रंथालयांतच पाहावयास मिळत.

नकाशे

१७६७ मध्ये स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे प्रसिद्ध करतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी खुली नकाशा मालिका स्वतंत्र केली आणि २०१७ पासून या मालिकेचे नकाशे संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळू लागले. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार २०° ते २१° उत्तर अक्षांश आणि ७८° ते ७९° पूर्व रेखांश यांमधील प्रदेश ५५ एल या पत्रकात येतो. हिंगणघाट व वडनेर याच चौकटीत आहेत. खुल्या मालिकेची क्रमांकपद्धती वेगळी असल्याने जुन्या ग्रंथांतील पत्रक क्रमांक तिच्याशी थेट जुळत नाहीत.

अमेरिकी लष्कराच्या नकाशा सेवेने विसाव्या शतकाच्या मध्यास काढलेले भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मुक्त केले आहेत. धरणे, कालवे व महामार्गांच्या विस्तारापूर्वीचे जलप्रवाह आणि वाटा पाहण्यास ते उपयुक्त ठरतात. महाराष्ट्र शासनाच्या महाभूनकाशा या सेवेवर गावनिहाय गटांचे नकाशे पाहता येतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवी प्रकल्पातून रस्ते, वस्त्या व नद्या यांची विदा श्रेयनिर्देशाच्या अटीवर मिळते. भूस्तरांची माहिती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर आहे.

उंचीविषयक विदा

अंकीय उंची प्रतिमान म्हणजे भूपृष्ठाचे समान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनास (पिक्सेलला) उंचीचे एक मूल्य देणारी विदा होय. विनामूल्य उपलब्ध असलेली प्रमुख प्रतिमाने पुढीलप्रमाणे आहेत:

• एसआरटीएम : फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारद्वारे केलेली मोजणी. अमेरिकेबाहेरील प्रदेशांसाठी प्रथम सुमारे ९० मीटर आणि २०१४ पासून सुमारे ३० मीटर अंतराची विदा खुली झाली.
• ॲस्टर जीडीईएम : अमेरिका व जपान यांचे संयुक्त प्रतिमान. पहिली आवृत्ती २००९, तिसरी २०१९.
• एलॉस वर्ल्ड थ्रीडी : जपानी अवकाश संस्थेचे, २००६ ते २०११ मधील प्रतिमांवर आधारित ३० मीटर प्रतिमान.
• कार्टोडेम : २००५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहाच्या प्रतिमांवर आधारित. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर नोंदणी करून मिळते.
• कोपर्निकस डीईएम : टॅनडेम-एक्स या जर्मन मोहिमेच्या रडार मोजणीवर आधारित ३० मीटर प्रतिमान.

‘३० मीटर’ हा संकेत स्थूल आहे. वडनेरच्या अक्षांशावर एक विकला अंतर उत्तर-दक्षिण सुमारे ३१ मीटर, तर पूर्व-पश्चिम सुमारे २९ मीटर भरते. तसेच रडारने मोजलेली उंची दाट झाडी असलेल्या ठिकाणी जमिनीची नसून बहुधा झाडांच्या वरच्या भागाची असते. काही संकेतस्थळांवर १२.५ मीटरची म्हणून मिळणारी एलॉस पाल्सार विदा भारतासाठी मूळ एसआरटीएम उंचीचे बारीक भाग करून तयार केलेली आहे. तिच्यात अधिक तपशील नसतो.

उपग्रह प्रतिमा

युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटर पिक्सेलच्या प्रतिमा २०१५ पासून आणि लँडसॅटचा संपूर्ण संग्रह २००८ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने १९६० ते १९७२ या काळातील अमेरिकी कोरोना हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे विशेष मोलाची आहेत. ती १९९५ मध्ये गोपनीयतेतून मुक्त झाली. त्यांतील सर्वोत्तम छायाचित्रांत सुमारे दोन मीटर आकाराच्या गोष्टी ओळखता येतात. यंत्राने जमिनीचे सपाटीकरण होण्यापूर्वीची शेते त्यांत दिसतात. आधीच स्कॅन झालेली चित्रफीत विनामूल्य उतरवता येते, तर नव्याने स्कॅन करवून घेण्यास शुल्क पडते.

कार्यपद्धती

ही सर्व विदा क्यूजीआयएस या मुक्त संगणक प्रणालीत एकत्र पाहता येते. प्रथम सर्व थर एकाच प्रक्षेपणात आणावे लागतात. वर्धा जिल्हा ७८° पूर्व रेखांशाच्या पूर्वेस असल्याने युटीएमच्या ४४ व्या विभागात येतो, तर अमरावती शहर ४३ व्या विभागात मोडते. दोन्ही जिल्ह्यांतील स्थळे एकत्र अभ्यासताना हे लक्षात घेणे आवश्यक असते. भारताचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर आधारित आहेत. त्यावरील अक्षांश-रेखांश रूपांतर न करता आजच्या डब्ल्यूजीएस-८४ आधारावर ठेवल्यास या भागात स्थान शंभराहून अधिक मीटरने सरकते.

त्यानंतर उंची प्रतिमानावरून उतार, छायांकित भूरचना व जलप्रवाह काढले जातात. वडनेर परिसरात वणा व वर्धा नद्यांच्या खोऱ्यांतील पूररेषेच्या वरचे उंचवटे, ओढ्यांचे संगम आणि काळ्या मातीच्या सीमेवरील खडकाळ माळ वेगळे करता येतात. या जागा गॅझेटियर, हेन्री कझिन्स यांची १८९७ ची प्राचीन अवशेषांची यादी आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे वार्षिक अहवाल यांतील नोंदींशी ताडून क्षेत्रभेटीचा मार्ग आखला जातो.

मर्यादा

१२ मीटर व्यासाच्या शिळावर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मीटर असते. ३० मीटर प्रतिमानातील एक पिक्सेल ९०० चौरस मीटरचा असल्याने असे वर्तुळ त्याचा केवळ आठवा भाग व्यापते आणि त्यात दिसत नाही. सेंटिनेल-२ मध्ये ते जेमतेम एका पिक्सेलएवढे भरते. कोरोनाच्या उत्तम छायाचित्रात त्याच्या व्यासावर सहा-सात पिक्सेल येतात, तरीही शेताच्या कडेला रचलेले दगड, विहिरीचा कठडा किंवा खळे यांच्याशी गल्लत होऊ शकते. म्हणून प्रतिमेत काही न दिसणे हा स्थळ नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

उंचीतही त्रुटी असते. एसआरटीएमसाठी ठरवलेली कमाल स्वीकार्य त्रुटी १६ मीटर होती. प्रत्यक्ष त्रुटी बहुतेक ठिकाणी त्याहून कमी असली, तरी दोन-तीन मीटर उंचीचे पांढरीचे टेकाड अशा विदेत खात्रीने ओळखता येत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात २०३० पर्यंत मैदानी प्रदेशाचे २५ सेंटिमीटर प्रतीचे उंची प्रतिमान तयार करण्याचे उद्दिष्ट आहे.

परवाने, कायदा व नैतिक बाबी

‘विनामूल्य’ आणि ‘मुक्त’ या भिन्न बाबी आहेत. गूगल अर्थवरील प्रतिमा विनामूल्य पाहता येतात, पण त्या मुक्त परवान्याखाली नाहीत. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांसाठी भू-स्थानिक विदा गोळा करणे व वापरणे बरेच सुलभ केले. उत्खननासाठी मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना आवश्यकच असतो आणि आढळलेल्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो.

नांगरट, जमिनीचे सपाटीकरण आणि बांधकामासाठी दगड उचलणे यांमुळे शिळावर्तुळे नष्ट होतात. स्थळांची वेळीच नोंद होणे त्यामुळे महत्त्वाचे आहे. परंतु असंरक्षित स्थळाचे अचूक अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केल्यास गुप्तधनाच्या शोधातील खोदकामाचा धोका वाढतो. त्यामुळे प्रकाशनात स्थान स्थूलपणे दर्शवून अचूक नोंद पुरातत्त्व खात्याकडे देणे योग्य ठरते.

हे सुद्धा पहा

• भौगोलिक माहिती प्रणाली
• महापाषाण संस्कृती
• वाकाटक राजवंश
• पवनार