सह्याद्रीत वाघ स्वतः चालत आले, मग वाघीण ताडोबातून का आणावी लागली?

कराड, पाटण किंवा शिराळ्याकडच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही असाल, तर एक व्हिडिओ अधूनमधून हमखास येतो. रात्रीची वेळ, गाडीच्या उजेडात उसाच्या कडेनं जाणारं जनावर आणि खाली मेसेज, "वाघ आलाय, सावध राहा." बहुतेक वेळा तो बिबट्या असतो. आपल्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणायची पद्धत आहे. पट्ट्यांचा, गावाकडच्या भाषेत ढाण्या वाघ मात्र साताऱ्या-सांगलीच्या डोंगरात वर्षानुवर्षं कॅमेऱ्यातही सापडत नव्हता.

गंमत म्हणजे याच डोंगरात एक अख्खा व्याघ्र प्रकल्प आहे.

साताऱ्यातलं कोयना अभयारण्य आणि सांगलीच्या शिराळा तालुक्याला लागून असलेलं चांदोली राष्ट्रीय उद्यान एकत्र करून ५ जानेवारी २०१० रोजी सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. गाभा आणि बफर मिळून क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत तो पसरलाय. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्या यादीतही कोयना आणि चांदोली आहेत. नाव, दर्जा, कर्मचारी सगळं होतं. वाघ तेवढा नव्हता. एखादा ठसा, कधी विष्ठा, एवढ्यावर वर्षं गेली.

मग मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेरा ट्रॅपमध्ये एक नर टिपला गेला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यावरून पुढं उलगडा झाला की हाच वाघ २०२० मध्ये कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात पोचला होता. म्हणजे दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर त्यानं पायी कापलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत आणखी एक नर दिसला, आणि हा राहिला. त्याच्यामागून अजून दोन आले. वन विभागानं तिघांना नावं दिली, सेनापती, सुभेदार आणि बाजी.

तिघेही नर. इथंच सगळी अडचण होती.

वाघाचं पिल्लू दोनेक वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं. नर असेल तर तो लांब जातो, कधी शेकडो किलोमीटर, कारण मोठे नर त्याला जवळ टिकू देत नाहीत. मादी बहुधा आईच्या हद्दीला लागूनच आपली हद्द मांडते. त्यामुळं काळी किंवा गोव्याच्या म्हादईच्या बाजूनं नर इकडं येणार, पण वाघीण चांदोलीपर्यंत पोचायला मधल्या प्रत्येक जंगलात आधी वाघिणी वसायला हव्यात. त्याला किती पिढ्या लागतील कोण जाणे. तोवर सेनापती आणि मंडळी जोडीदाराच्या शोधात पुन्हा दक्षिणेला निघून गेली असती.

म्हणून केंद्र सरकारनं ताडोबा आणि पेंचमधून एकूण आठ वाघ सह्याद्रीत आणायला परवानगी दिली, तीन नर आणि पाच माद्या. पहिली वाघीण, ताडोबातली 'चंदा', नोव्हेंबर २०२५ मध्ये चांदोलीत आली. इथं तिचं नाव 'तारा' झालं. गळ्यात रेडिओ कॉलर घालून तिला आधी कुंपण घातलेल्या जागेत ठेवलं. काही दिवसांनी दार उघडलं आणि ती आपणहून बाहेर पडली. डिसेंबरमध्ये दुसरी आली, तिचं नाव 'हिरकणी'.

आता तुम्ही म्हणाल, ताडोबात वाघांची गर्दी आहे, इथं जंगल रिकामं आहे, तर गाडीत घालून आणले की झालं. एवढं सोपं असतं तर ओडिशा आज वाघांनी भरलेलं असतं. ताडोबातूनच नेलेली 'झीनत' ही वाघीण नोव्हेंबर २०२४ मध्ये सिमिलिपालला सोडली होती. ती झारखंड ओलांडून थेट पश्चिम बंगालात गेली आणि डिसेंबरच्या अखेरीस बांकुरा जिल्ह्यात बेशुद्ध करून पकडावी लागली. त्याआधी २०१८ मध्ये सातकोसियात सोडलेला नर फासात अडकून मेला आणि त्याच्याबरोबरच्या वाघिणीला लोकांच्या रोषामुळं पिंजऱ्यात ठेवून शेवटी मध्य प्रदेशात परत पाठवावं लागलं. दुसरीकडं मध्य प्रदेशातलं पन्ना आहे. २००९ मध्ये तिथं एकही वाघ उरला नव्हता. त्याच वर्षी बाहेरून आणलेल्यांपैकी एक नर आपल्या मूळ पेंचच्या दिशेनं निघाला, माणसं महिनाभर त्याच्या मागे होती आणि त्याला परत आणलं. २०१० मध्ये तिथं पिल्लं झाली. मला यातला फरक वाघापेक्षा माणसांत जास्त दिसतो. पन्नात मागावर राहणारी माणसं होती, सातकोसियात आसपासची गावं सोबत नव्हती.

सह्याद्रीत पहिला प्रश्न पोटाचा आहे. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी सावजं लागतात, पिल्लं असलेल्या वाघिणीला त्याहून जास्त. चांदोलीत गवे आहेत, सांबर आहेत, भेकर आणि रानडुक्कर आहेत. पण त्यावर बिबटे आणि रानकुत्र्यांचे कळपही जगतात. म्हणून सागरेश्वर अभयारण्यातून चितळं इकडं आणायचं काम सुरू झालं. कडेगाव तालुक्यातलं सागरेश्वर जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, माणसांनी झाडं लावून उभं केलेलं रान. तिथली हरणं वाढून आसपासच्या पिकांत शिरतात, त्यामुळं शेतकऱ्यालाही हे हवंच आहे. माझी शंका एवढीच की चितळ हा उघड्या माळरानाच्या कडेचा, पानझडी जंगलाचा प्राणी. घाटमाथ्याच्या दाट, धो-धो पावसाच्या रानात तो किती टिकेल?

त्याचं उत्तर बरंचसं जुन्या गावठाणांत आहे. चांदोलीतून उठवलेल्या गावांची भातखाचरं आता गवताची कुरणं झाली आहेत. गवे आणि सांबर चरायला तिथंच उतरतात. ती कुरणं तशीच सोडली तर झुडपं माजतात, म्हणून वन विभागाला ती राखावी लागतात.

ही कुरणं कुणाच्या तरी घरादाराची जागा होती, हे विसरून चालत नाही. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी साठतं, वारणेवरच्या चांदोली धरणात ३४. या पाण्यावर निम्म्या पश्चिम महाराष्ट्राचा ऊस उभा आहे, राज्याला वीज मिळते, आणि धरणाखाली गेलेल्या कोयनेच्या लोकांची पुनर्वसनाची लढाई साठ वर्षांनंतरही संपलेली नाही. चांदोली अभयारण्यग्रस्तांनीही जमिनीसाठी कितीदा ठिय्या दिलाय. आधी धरण, मग अभयारण्य, आता वाघ, असं त्यांना वाटलं तर त्यात चूक काय?

बफरमधल्या धनगरवाड्यांचा प्रश्न तर रोजचा आहे, कारण गुरं जंगलाच्या कडेलाच चरतात. गाय, बैल किंवा म्हैस वाघ-बिबट्यानं मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम सरकार देतं. मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही आणि लगेच १९२६ या हेल्पलाइनवर कळवायचं. पैसे वेळेत आले नाहीत तर काय होतं, ते जानेवारी २०२० मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात दिसलं. गुरं मारली म्हणून विष घालून एक वाघीण आणि तिचे तीन बछडे, असे चार वाघ मारले गेले.

म्हादई सह्याद्रीच्या वाघांच्या वाटेवरच आहे. चांदोलीतून राधानगरी, आजरा, चंदगड, आंबोली-दोडामार्ग, तिलारी आणि तिथून म्हादई, काळी. महाराष्ट्रानं २०२० पासून यातल्या बऱ्याच तुकड्यांना संवर्धन राखीव क्षेत्र केलंय. गोव्याला मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं होतं, पण सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. इकडं उत्तरेला सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या २३५ गावांत 'नवीन महाबळेश्वर' उभारायचा आराखडा आहे. कोयनेच्या जंगलाला लागूनच हॉटेलं आणि रस्ते येणार असतील, तर बफर कशाला म्हणायचं?

तारा आणि हिरकणीला पिल्लं झाली, तर माद्या चांदोली-कोयनेतच आपली हद्द शोधतील. नर मात्र दोनेक वर्षांत बाहेर पडतील, आणि त्यांना दक्षिणेकडची तीच दोनशे किलोमीटरची वाट लागेल.