चार वर्षांचे सरखेल

ऑगस्ट १७३३. तुम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर आहात. पावसाची सर आत्ताच येऊन गेलीय, ओहोटी लागलीय. पुढे कधीतरी या वाटेवर घोडागाड्या धावतील. आज समुद्रातला कुलाबा किल्ला पायीच गाठायचा. धोतर वर खोचा आणि खडकांवरच्या कालवांपासून पाय जपा.

तटाला हात लावून बघा. भले थोरले चिरे नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. आत गेल्यावर गणपतीचं देऊळ शोधू नका. ते राघोजी आंग्रे १७५९ मध्ये बांधतील.

वाळूवर गलबतं ओढून झापांनी शाकारलेली आहेत. एका आडोशाला म्हातारा तांडेल नुसताच बसलाय.

"दर्या उघडला की जंजिऱ्यावर जायचं होतं," तो म्हणतो. "आता हुकूम कुणाचा घ्यायचा?"

सरखेल, म्हणजे मराठ्यांचे आरमारप्रमुख, सेखोजी आंग्रे गेले. तारीख २८ ऑगस्ट.

वडील कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि थोरल्या मुलाकडे सरखेली आली. सगळा मामला जेमतेम चार वर्षांचा. चार वर्षांत माणूस काय करणार, असं वाटेल. पण भोवती बघा: दक्षिणेला राजपुरीच्या खाडीत जंजिऱ्याचा सिद्दी, रेवदंड्यात नि कोर्लईवर पोर्तुगीज, उत्तरेला मुंबईत इंग्रज. घरात सख्खे-सावत्र भाऊ, प्रत्येकाची नजर गादीवर. हे घर सेखोजींनी फुटू दिलं नाही, हीच त्यांची मोठी कामगिरी. इतिहासाची पुस्तकं लढाया मोजतात, म्हणून ती नजरेतून सुटते.

शिवाय याच वर्षी सिद्दीच्या घरात वारसाहक्काचा तंटा पेटला होता. सिद्दी सातने १७२७ मध्ये चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटलं, तो सल मराठ्यांच्या मनात होताच. बाजीराव पेशवे कोकणात उतरले. जूनमध्ये सातारा दरबारच्या प्रतिनिधींनी सिद्दीकडून रायगड घेतला. पण खुद्द जंजिरा उरला, आणि पाण्यातला किल्ला आरमाराशिवाय पडत नसतो. आरमार आंग्र्यांचं. नेमका त्याचाच सरखेल ऐन मोहिमेत गेला.

तांडेलाला विचारू नका पुढे काय होईल. ते त्याच्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत आहे. डिसेंबरात बाजीरावांनी सिद्दीशी तह केला, जंजिरा सिद्दीकडेच राहिला. सेखोजींचे भाऊ संभाजी आणि मानाजी आपसांत भिडले. १७३५ मध्ये बाजीरावांनी आंग्र्यांची दौलत वाटून दिली: कुलाबा मानाजीला 'वजारतमाब' किताबासह, सरखेली आणि दक्षिणेकडचा भाग संभाजीला. भांडण मिटवायचा तो उपाय असेल, पण आरमाराची ताकद त्यात अर्धी झाली.

संभाजीच्या मागून त्याचा भाऊ तुळाजी आला. फेब्रुवारी १७५६ मध्ये त्याचं आरमार विजयदुर्गाच्या खाडीत जळालं. आग लावणारे इंग्रज होते, आणि त्यांना मदतीला बोलावलं होतं पुण्याच्या पेशव्यांनी.