मंत्रचळ

मनात नको असताना पुनःपुन्हा येणारा विचार आणि त्यातून उद्भवणारी अस्वस्थता शमविण्यासाठी वारंवार करावी लागणारी कृती, ही लक्षणे असलेला मनोविकार. वैद्यकात यास ‘ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ म्हणतात. मंत्रसाधनेत चूक झाल्याने साधकाच्या बुद्धीस लागणारा चळ, असा ‘मंत्रचळ’ या शब्दाचा मूळ अर्थ. या विकारासाठी तो सर्वस्वी समर्पक नाही. कारण रुग्णाची बुद्धी सहसा शाबूत असते आणि आपला विचार असंबद्ध आहे, हे बहुधा त्यास कळत असते. तथापि एक अक्षर चुकले तरी अनर्थ ओढवेल, ही त्या शब्दामागील जुनी समजूत रुग्णाच्या मनोव्यापाराशी विलक्षण जुळते.

यूरोपात हा विकार प्रथम धर्मसंकट म्हणून ओळखला गेला. जॉन बन्यन (१६२८–८८) याने १६६६ च्या आपल्या आत्मकथनात मनात बळेच येणाऱ्या ईश्वरनिंदक विचारांची यातना वर्णिली आहे. असा विचार येणे हेच पाप, असे मानल्यामुळे श्रद्धावान माणूसच त्यात अधिक होरपळत असे. फ्रेंच वैद्य एस्कीरॉल (१७७२–१८४०) याने १८३८ मध्ये एका चौतीस वर्षांच्या स्त्रीची हकिकत नोंदविली. मावशीच्या घरून निघताना आपल्या खिशातून तिची एखादी वस्तू नकळत येईल, हिशेबात चूक होऊन दुसऱ्याचे नुकसान होईल, या शंकांनी ती हात चोळी व कपडे झटकी. आपले वागणे वेडगळ आहे हे तिला ठाऊक होते. ते थांबविणे मात्र तिला साधत नव्हते. जर्मन मानसोपचारतज्ञ वेस्टफाल याने १८७७ मध्ये अशा बळेच येणाऱ्या कल्पनांना भ्रमापासून वेगळे काढले. फ्रॉइडने १९०७ मध्ये या कृतींची तुलना धर्मविधींशी केली.

ती तुलना महाराष्ट्रात तपासून पाहण्याजोगी आहे. सोवळ्यात असलेल्या व्यक्तीस विटाळ झाल्यास ती पुन्हा स्नान करते आणि शुद्धी पुरी होते. ती केव्हा पुरी झाली हे रूढीने ठरविलेले असते. (या आचाराने माणसामाणसांत स्पर्शास्पर्शाच्या भिंती उभ्या केल्या, हा त्याचा दोष वेगळा.) मंत्रचळाच्या रुग्णास ही पूर्तता कधीच लाभत नाही. हात धुतल्याचे तो डोळ्यांनी पाहतो, तरी ते धुतले गेल्याची खात्री त्यास वाटत नाही. मात्र घरात सोवळे कडक असेल, तर त्याच्या यातनेस धर्मनिष्ठा समजले जाण्याचा व उपचार लांबण्याचा धोका असतो. बंगालमध्ये शुचितेच्या अशा अतिरेकास ‘शुचिबाई’ म्हणतात. तिचा व या विकाराचा संबंध अजिता चक्रवर्ती व बॅनर्जी यांनी १९७५ मध्ये अभ्यासला. त्याच वर्षी चंडीगढ येथील अख्तर, विग प्रभृतींनी ८२ रुग्णांच्या लक्षणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत शंका हा विचारांचा प्रकार सर्वांत अधिक आढळला. आशयात घाण व संसर्ग यांना अग्रस्थान होते.

विचार मुळात विकृत असतो, ही समजूत रॅक्‌मन व डी सिल्व्हा यांच्या १९७८ मधील संशोधनाने ढासळली. मुलास इजा करावी, देवापुढे अभद्र बोलावे, असे विचार बहुतेक निरोगी माणसांच्याही मनात येऊन जातात. सॉल्कॉव्हस्किस याने १९८५ मध्ये विचारास दिल्या जाणाऱ्या अर्थावर भर दिला : विचार आला म्हणजे अनर्थाची जबाबदारी आपल्यावर आली, असे रुग्ण मानतो. विचार करणे हे कृती करण्याइतकेच निंद्य, किंवा विचाराने घटना घडण्याचा संभव वाढतो, अशीही त्याची धारणा असते. ज्या मातेस मुलाला इजा करण्याच्या विचाराने थरकाप होतो, ती स्वतःस घातकी समजून सुरी लपविते. वस्तुतः तो थरकाप तिच्या ममतेचाच असतो.

१९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मायर याने रुग्णास भीतीच्या वस्तूजवळ नेऊन विधी करण्यापासून रोखले. धुण्याचा विधी थांबविण्यासाठी नळही बंद ठेवला. कृती न करताही अस्वस्थता ओसरते, हा अनुभव रुग्णास आला. ही पद्धती व मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्यावर परिणाम करणारी औषधे यांवर आजचा उपचार आधारलेला आहे. २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणात हा विकार चिंताविकारांतून काढून स्वतंत्र गटात ठेवण्यात आला. उपचारात कुटुंबियांचाही वाटा असतो. ‘दार लावले आहे ना?’ या प्रश्नाला दहाव्यांदा ‘होय’ म्हणणारा आप्त त्या क्षणी रुग्णास दिलासा देतो आणि अकराव्या प्रश्नाची तयारी करून ठेवतो.