पार्किंगमधले जुने पट्टे काढायचे कसे? काळा रंग फासण्याआधी हे वाचा

सुरुवातीलाच एक कबुली देतो. नाशिकमध्ये इंदिरानगरला आमची सोसायटी आहे आणि त्या वर्षी कमिटीचा सेक्रेटरी मी होतो. गाड्या वाढल्या, दोन इलेक्ट्रिक गाड्यांना चार्जिंगची जागा हवी होती, म्हणून पार्किंगची आखणी बदलायची ठरली. गेटातून आत आल्यावर आधी उजवीकडून जायचं, ते आता डावीकडून. नवे पट्टे, नवे बाण. जुन्यांचं काय, असं विचारल्यावर रंगकाम करणारा म्हणाला, "साहेब, काळा ऑइल पेंट मारून टाकू. दोन तासांत दिसेनासं होईल." स्वस्त होतं. मी सही केली.

दोन महिने खरंच काही दिसलं नाही. मग पाऊस सुरू झाला. एका रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या काकू स्कूटरवर आत आल्या. ओल्या डांबरावर हेडलाइट तिरका पडला आणि पुसलेला जुना बाण चक्क चमकला. त्या सवयीने उजवीकडे वळल्या, समोरून गाडी आली, त्यांनी ब्रेक दाबला. चाक नेमकं त्या काळ्या रंगावर होतं. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

तेव्हापासून हा विषय मी जरा जास्तच वाचलाय, आणि नंतर आम्ही ते काम पुन्हा, नीट करून घेतलं. त्यातून जे कळलं ते इथे सांगतोय.

झाकलेला पट्टा पुन्हा का दिसतो?

आपल्याला पट्टा दिसतो तो फक्त रंगामुळे नाही. डांबर खडबडीत असतं, त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो. रंगाचा थर गुळगुळीत असतो, तो प्रकाश एका दिशेने परत पाठवतो. वरून काळा रंग मारला तरी गुळगुळीतपणा तसाच राहतो, उलट वाढतो. दुपारी डोक्यावर ऊन असताना फरक कळत नाही. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन, हेडलाइट किंवा पावसाचं पाणी आलं की आकार उठून दिसतो. शिवाय चाकांच्या वाटेवर काळा थर आधी झिजतो आणि खालचा पांढरा डोकावायला लागतो. गुळगुळीत म्हणजेच घसरडा, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत रस्त्यांवरच्या खुणांसाठी 'एमयूटीसीडी' नावाची राष्ट्रीय नियमावली आहे. काळा रंग किंवा डांबर फासणं म्हणजे खूण काढणं नव्हे, अशी तिची भूमिका आहे. खूण तात्पुरती झाकायची असेल तर रस्त्याच्या रंगाची टेप चालते. आणि हा घोळ फक्त माणसांचा होतो असं नाही. नव्या गाड्यांमधली लेन ओळखणारी एडास यंत्रणा कॅमेऱ्यातल्या प्रकाशाच्या फरकावरच चालते. असे भुताटकीचे पट्टे तिलाही फसवतात.

आधी ओळखा: रंग आहे की थर्मोप्लास्टिक?

पार्किंगमध्ये दोन प्रकार भेटतात. एक साधा रोड मार्किंग पेंट, ब्रशने किंवा स्प्रेने मारलेला. याचा थर कागदासारखा पातळ असतो, पण तो पृष्ठभागाच्या छिद्रांत शिरलेला असतो. दुसरा थर्मोप्लास्टिक. यात राळेसारखं रेझिन, पांढरं रंगद्रव्य, चुनखडीची पूड आणि काचेचे बारीक मणी असतात. हे मिश्रण १८० ते २०० अंशांच्या आसपास वितळवून गरमागरम ओततात, थंड झालं की घट्ट बसतं. जाडी साधारण २.५ मिलिमीटर.

ओळखायला सोपं आहे. कडेवरून नख फिरवा: पायरीसारखी कड लागली तर थर्मोप्लास्टिक. रात्री टॉर्च डोळ्यांजवळ धरून पट्ट्यावर मारा. बारीक ठिपके लखलखले तर काचेचे मणी आहेत. मण्यांचं कामच प्रकाश आला तिकडे परत पाठवणं, म्हणून तो बाण काकूंना एवढा स्पष्ट दिसला. झिजलेल्या काळ्या रंगाखालून मणी उघडे पडले होते.

पट्टा पिवळा आणि जुना असेल तर आणखी एक गोष्ट. पूर्वीच्या बऱ्याच पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं रंगद्रव्य असायचं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, पण रस्त्यांचे रंग त्या वर्गात मोडत नाहीत. त्यामुळे जुना पिवळा पट्टा कोरडा घासून त्याची धूळ मुलं खेळतात तिथे उडवायची नाही. पाणी मारत घासा आणि निघालेला गाळ गोळा करा.

खाली काय आहे, यावर सगळं ठरतं

आमच्याकडे एकाच आवारात तीन पृष्ठभाग आहेत: पाहुण्यांच्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक, बिल्डिंगखाली ट्रिमिक्स काँक्रीट आणि गेटपासूनचा रस्ता डांबरी. पहिल्यांदा आम्ही तिन्हीकडे एकच इलाज केला, तिथेच चुकलो.

पेव्हर ब्लॉकचं काम सगळ्यात सोपं, आणि गंमत म्हणजे ते कुणी सांगत नाही. रंग काढूच नका, ब्लॉक बदला! ते सिमेंटने चिकटवलेले नसतात, वाळूवर बसवलेले असतात. एक ब्लॉक उचकटून काढला की शेजारचे हाताने निघतात. टाकीमागे किंवा कचऱ्याच्या डब्यांखाली जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथले ब्लॉक पुढे आणायचे, रंगवलेले तिकडे लावायचे. जुने ब्लॉक घेतले की रंगही जुळतो. सांध्यांत पुन्हा बारीक वाळू भरून ठोकून बसवा. उलटे करून बसवायचा मोह होतो, पण खालच्या बाजूला कडा तासलेल्या नसतात आणि रंगीत ब्लॉकचा रंग फक्त वरच्या थरात असतो, त्यामुळे ते वेगळे दिसतात.

ट्रिमिक्सवर ग्राइंडर चालतो. डायमंड कप व्हील लावलेला, धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडलेला. पण हात हलका हवा. ट्रिमिक्सचा वरचा थर घोटून कडक केलेला असतो. एक-दोन मिलिमीटरपेक्षा खोल गेलात की तो जातो आणि खालची खडी उघडी पडते. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. त्यामुळे राखाडी फरशीवर काळे-पांढरे ठिपके उठतात आणि पट्ट्याच्या जागी नवाच पट्टा तयार होतो. सिमेंट-वाळूच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. एन-९५ मास्क आणि व्हॅक्यूम किंवा पाणी हवंच. वाळूचा मारा करून रंग काढू म्हणणाऱ्याला याच कारणासाठी नको म्हणा. मोठं क्षेत्र असेल तर शॉट ब्लास्टिंग बरं: पोलादाचे बारीक छर्रे आदळतात आणि मशीनच ते परत ओढून घेतं.

साध्या पेंटवर केमिकल रिमूव्हर काँक्रीटवर चालतो. फक्त बेसमेंटमध्ये नको. मेथिलिन क्लोराइडसारख्या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो. धुतलेलं पाणी पावसाळी गटारात सोडू नका. आमच्या भागातलं असं पाणी शेवटी नासर्डीत, म्हणजे नंदिनीत, आणि तिथून गोदावरीत जातं.

डांबर: खरी परीक्षा इथे

डांबरावर थिनर ओतू नका. डांबर स्वतःच द्रावकांत विरघळतं. रंग तर पसरतोच, वर खडी मोकळी होते. गॅसच्या बर्नरने जाळणंही तसंच, आणि पेट्रोलच्या गाड्या उभ्या असलेल्या आवारात तर विषयच नको.

गाडी धुवायचं प्रेशर वॉशर आम्ही हौसेने आणून बघितलं. त्याचा दाब साधारण १०० ते १५० बार. सुटलेले पोपडे उडतात, चिकटलेला रंग हलत नाही. खरं हायड्रो-ब्लास्टिंग २,००० बारच्या वर चालतं. विमानतळाच्या धावपट्टीवर टायरचं रबर चिकटतं, तेही असंच पाण्याने काढतात. डांबराला कमीत कमी इजा करणारी पद्धत हीच, पण मशीन मोठं आणि खर्च मोठा. कारखान्यांचं काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर चौकशी करून बघा, छोट्या सोसायटीला बहुधा परवडत नाही.

मग उरतं खरवडणं आणि घासणं. यात वेळ महत्त्वाची आहे. थर्मोप्लास्टिक उन्हात मऊ पडतं. मे महिन्यात नाशिकच्या दुपारी ग्राइंडर लावला की ते दातांत च्युइंगमसारखं अडकतं. तेच डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात सकाळी सातला ठिसूळ झालेलं असतं, स्क्रॅपर आणि हातोड्याने त्याच्या खपल्या उडतात. आम्ही ऐंशी-नव्वद टक्के माल असाच काढला आणि फक्त उरलेल्यावर ग्राइंडर फिरवला. शेवटचा पांढरा कणही काढायचाच, या हट्टाने खोल जाऊ नका. खाच पडली की तीत पाणी साचतं, आणि खाच हाच नवा पट्टा होतो.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती. बाण घासताना बाणाच्या आकारात घासू नका. त्याच्याभोवती चौकोन आखा आणि तो अख्खा चौकोन हलका घासा. खूण पूर्ण जात नाहीच, कारण रंगाखालचं डांबर उन्हापासून वाचलेलं असतं आणि आजूबाजूपेक्षा वेगळं दिसतं. पण चौकोन कुठल्याही दिशेला बोट दाखवत नाही. आकड्यांचं आणि 'नो पार्किंग'सारख्या अक्षरांचंही तसंच करा.

शेवटी सील कोट. बिटुमेन इमल्शन आणि बारीक खडीची चुरी, म्हणजे स्लरी सील, संपूर्ण रुंदीवर. फक्त पट्ट्यावर मारलात तर पुन्हा काळा पट्टाच दिसणार. चुरीमुळे पकड राहते, ऑइल पेंटसारखं घसरत नाही. हे काम कोरड्या दिवसांतच करा. वर्षभरात नवं डांबरीकरण ठरलेलंच असेल तर एवढा खटाटोप नको. जाड थर्मोप्लास्टिक खरवडून ठेवा, बाकी नव्या थराखाली जाईल.

खर्च आणि कागद

कोटेशन मागण्याआधी स्वतः मोजा. शेजारी-शेजारी ४० गाड्यांच्या जागा, प्रत्येक रेष ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद. ४१ रेषा म्हणजे २०५ मीटर, साडेवीस चौरस मीटर. ऐकायला फार नाही, पण २.५ मिलिमीटरचं थर्मोप्लास्टिक असेल तर साधारण १०० किलो कचरा निघतो. तो कोण उचलणार आणि कुठे नेणार, हे लिहून घ्या.

वर्क ऑर्डरमध्ये 'जुने पट्टे दिसेनासे करणे' असं लिहू नका, आम्ही नेमकं तेच लिहिलं होतं. पद्धत लिहा, जास्तीत जास्त खोली लिहा, आणि एका कोपऱ्यात एक मीटरचा नमुना आधी करून घ्या. तो नमुना कोरडा असताना, पाणी ओतून आणि रात्री हेडलाइट मारून, असा तिन्ही वेळा बघा. मगच पुढचं काम.

आणि नव्या आखणीबद्दल थोडीही शंका असेल तर लगेच पक्के पट्टे मारू नका. मैदानावर मारतात तशी फक्की टाका, पंधरा दिवस गाड्या लावून बघा. आमच्याकडे दोन खांबांमधल्या एका जागेत गाडीचं दार उघडतच नाही, हे फक्कीच्या चौथ्या दिवशी कळलं.

जानेवारीत तीन सकाळी लागल्या. तो जुना बाण होता तिथे आता थोडा फिकट चौकोन आहे, संध्याकाळच्या उन्हात बघितला तर दिसतो. पहिल्या पावसात मी स्वतः रात्री गाडीचे लाइट लावून तपासायला गेलो. काकू गॅलरीत उभ्या होत्या. "काही दिसतंय का रे?" त्यांनी वरून विचारलं. चौकोन दिसतोय, बाण नाही, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर काढली.